डॉन किहोटेचें एक विशेषण

सर्व्हांटिसनें १६०५ सालीं प्रसिद्ध केलेल्या कादंबरीच्या नांवांतच डॉन किहोटेस 'इन्हेनिओसो' हें विशेषण जोडिलें आहे. आजच्या स्पॅनिश भाषेंत त्याचा अर्थ चतुर, युक्तिबाज. इंग्रजींत शेल्टननें १६१२ सालीं 'विटी' व ऑर्म्सबीनें १८८५ सालीं 'इंजीनियस' असे प्रतिशब्द योजिले. पण पवनचक्क्यांस राक्षस समजून त्यांवर भाला रोखणारा गृहस्थ चतुर कसा? निव्वळ उपरोध म्हणावा, तर सर्व्हांटिस इतक्या स्वस्तांत हंसविणारा लेखक नव्हे.

हुआर्ते या स्पॅनिश वैद्यानें १५७५ सालीं 'इन्हेनिओ', म्हणजे उपजत बुद्धिशक्ति, या विषयावर ग्रंथ लिहिला. त्याच्या मतें शरीरांतील उष्णतेनें कल्पनाशक्ति बळावते. (आपल्या वैद्यांच्या पित्तप्रकृतीची येथें आठवण व्हावी.) आणि कृश अंगाच्या या नायकाचा मेंदू जागरणानें व वाचनानें सुकला, असें सर्व्हांटिस पहिल्याच प्रकरणांत सांगतो! तेव्हां विशेषण एकच, पण त्यांत स्तुतिही आहे आणि रोगनिदानही. मराठींत 'चतुर' म्हटल्यास वेड निसटतें; 'कल्पनावेडा' म्हटल्यास बुद्धीचें तेज जातें, आणि हा गृहस्थ तर वीरकथांचा विषय सोडल्यास मोठ्या शहाणपणानें बोलतो. आम्ही 'तल्लख' हा शब्द पसंत करूं. 'तलखी'चा दाह त्याच्या शेजारींच आहे.