नाईलची सहल आणि आपले प्रवासलेखन

मराठी प्रवासवर्णनाच्या प्रांतात गेल्या काही वर्षांत एक उपप्रकार चांगलाच रुजला आहे. आठ-दहा दिवसांची सामूहिक सहल, तीत लक्झर ते आस्वान असा तीन-चार रात्रींचा नाईल नदीवरील जहाजप्रवास, आणि परतल्यावर दिवाळी अंकात किंवा धर्मग्रामाच्या वार्षिकात त्यावर लिहिलेला लेख. पवित्र भूमीच्या यात्रेला जोडून इजिप्त पाहण्याची सोय झाल्यापासून आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतूनही असे लेख येऊ लागले आहेत. आम्ही ते आवडीने वाचतो. हट्ट्यासारख्या गावी, हळदीच्या आणि उसाच्या शिवारात राहणाऱ्या माणसाला नाईलचे पाणी बहुधा असेच, दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे लागते. म्हणूनच त्या डोळ्यांनी काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हे विचारण्याचा अधिकार वाचकाला आहे असे आम्ही मानतो.

या लेखांचा साचा आता पाठ झाला आहे. पहाटे चारला उठवणे, राजांच्या खोऱ्यातील तीन थडगी, हातशेप्सुतचे मंदिर, एस्नाच्या जलपाशात जहाजाचा खोळंबा, एड्फूला टांग्यातून मंदिराकडे, कोम ओम्बोला मगरींच्या ममी, आणि मधूनमधून जहाजावरील जेवणाची यादी. वर्णनाची वेळ आली की ‘भव्य’, ‘अद्भुत’ आणि ‘शब्दातीत’ ही तीन विशेषणे धावून येतात. ‘शब्दातीत’ हा शब्द आला की लेखकाने तेथे छायाचित्र काढले आणि तो पुढे निघाला, असे खुशाल समजावे.

सहलीला नाक मुरडण्याचा आमचा हेतू नाही. निवृत्तीच्या पुंजीतून एकदाच परदेशी जाणारे शिक्षक-दांपत्य किंवा साठीतील एखादी विधवा भगिनी सामूहिक सहलीवाचून जाणार कशी? टॉमस कुक यांनी १८६९ मध्ये पहिली मंडळी नाईलवर नेली, तेव्हापासून अशा प्रवाशांची थट्टा करण्याची चाल आहे. अमेलिया एडवर्ड्स या इंग्रज लेखिकेलाही ती सुटली नाही. १८७३-७४ च्या हिवाळ्यात ‘फिले’ नावाच्या भाड्याच्या शिडाच्या होडीतून त्या नाईलवर फिरल्या, आणि १८७७ मध्ये त्यांचे ‘अ थाउजंड माइल्स अप द नाइल’ हे पुस्तक निघाले. आगबोटीतल्या घाईच्या प्रवाशांकडे त्या जरा वरूनच पाहतात. होडी भाड्याने घेण्याइतका पैसा आणि काही महिन्यांची सवड ज्याच्यापाशी आहे, त्याला हे सोपे आहे.

तरीही या विषयावरील लेखनाला माप म्हणून आम्ही याच पुस्तकाकडे वळतो. कारण तीत एक दुर्मीळ गुण आहे. लेखिका स्वतःवर नजर ठेवून आहे. सक्कारा येथे पायाखाली माणसांची हाडे येतात तेव्हा प्रथम ती शहारते. मग थोड्याच वेळात आपणही इतरांसारखे त्या धुळीत हात घालून काही सापडते का हे पाहू लागलो, हे ती न लपवता सांगते. दुसऱ्या एका होडीतील स्त्रियांनी भारी किंमत देऊन एक ममी विकत घेतली आणि वास सोसवेना म्हणून आठवड्याच्या आत नदीत बुडवली, हा प्रसंग ती हलक्याफुलक्या सुरात सांगते. वाचणाऱ्याला मात्र तो सूरच बोचतो. अबू सिंबेल येथे तिच्या नावाड्यांनी रामसेसच्या प्रचंड मुखावरील, कोणी साचा घेताना राहिलेला चुना खरवडला आणि पांढरे डाग झाकण्यासाठी त्यावर कॉफी फासली, हेही तिने लिहून ठेवले आहे. पुढे १८८२ मध्ये इजिप्तच्या उत्खननासाठी निधी उभारणारी संस्था स्थापन करण्यात तिचाच पुढाकार होता. हाडे चाळणारा हात आणि ती जपू पाहणारा हात एकाच व्यक्तीचे आहेत, हे त्या पुस्तकामुळे कळते.

आपल्या लेखांत हा शहारा कुठे आहे? दोन नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जातो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, नावे घेऊन प्रार्थना करतो. त्याच महिन्यात सहलीचा हंगाम ऐन भरात असतो. मग परक्याच्या कबरीत शिरताना मन जरासुद्धा अडखळत नाही काय? तुतनखामुनचे शरीर आजही त्याच्या मूळ थडग्यातच काचेखाली आहे. त्याचा खजिना तेवढा कैरोला गेला आणि आता २०२५ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या नव्या भव्य संग्रहालयात मांडला आहे. एप्रिल २०२१ मध्ये बावीस राजा-राण्यांच्या ममी मिरवणुकीने फुस्तातच्या संग्रहालयात नेल्या गेल्या. मराठवाड्यातील जुन्या लोकांना हा प्रश्न अगदीच दूरचा नाही. निजामाच्या काळात इजिप्तमधून आणलेली एका तरुणीची ममी हैदराबादच्या संग्रहालयात आहे, आणि आमच्याकडची कितीतरी मुले शाळेच्या सहलीत तिच्यासमोरून रांगेने गेली आहेत. मृत देह पाहू नये असे आमचे म्हणणे नाही. पाहताना काय वाटले ते लिहावे, एवढेच मागणे आहे.

दुसरी उणीव याहून ठळक आहे. राजांची नावे क्रमाने येतात, ती थडगी खोदणाऱ्यांचे नाव येत नाही. आणि नवल असे की ती नावे उपलब्ध आहेत! देर अल-मदीना हे त्या कारागिरांचे गाव राजांच्या खोऱ्यापासून डोंगराच्या एका खांद्याइतकेच दूर आहे. तेथील घरांचे पाये, हजेऱ्या, भांडणे, उसनवारीचे हिशेब, सारे मिळाले आहे. तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे ख्रिस्तपूर्व बाराव्या शतकाच्या मध्यास, ठरलेले धान्य थकले म्हणून हे कारागीर काम टाकून मंदिराशी जाऊन बसले. लेखी नोंद असलेला जगातील हा पहिला संप मानतात. त्याचा पपायरस इटलीत तुरिन येथे आहे. ज्या घरांत रोजगार हमीची मजुरी थकल्याचे दुःख माहीत आहे, तेथे ही हकीकत हातशेप्सुतच्या खांबांच्या मोजमापांपेक्षा कितीतरी आस्थेने वाचली जाईल.

मीना प्रभू यांच्या ‘इजिप्तायन’ला पुस्तकभर पसरण्याची मुभा होती, चार पानांच्या लेखाला ती नाही, हे मान्य. पण निवड जागेवर अवलंबून नसते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ लिहिताना पवित्र स्थळांपाशी न थांबता इस्राएल आणि पॅलेस्टाइन यांच्या संघर्षाचा इतिहास हाती घेतला. आस्वानला पोहोचलेल्या आपल्या लेखकांपुढेही अशीच संधी असते. ते उंच धरणाची लांबी-रुंदी देतात, अबू सिंबेल १९६४ ते १९६८ या काळात कापून वर नेले याचे कौतुक करतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पथकही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली त्या मोहिमेच्या काळात नूबियात अफ्येह येथे उत्खनन करून आले, हे मात्र कोणी लिहीत नाही. आणि देवळे वर नेली तशी माणसे नेता आली काय, हा प्रश्नही कोणी विचारत नाही. इजिप्त आणि सुदान मिळून सुमारे एक लाख नूबियन लोकांची गावे त्या जलाशयाखाली गेली. जहाजाजवळ होडी आणून माळा विकणारा जो ‘हसतमुख नूबियन तरुण’ प्रत्येक लेखात भेटतो, त्याच्या आजोबांचे गाव कोणते, हे विचारायला फार वेळ लागत नाही. पूर्णेवरील येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्यावर शेती करणाऱ्या आणि जायकवाडीत बुडालेली गावे ठाऊक असणाऱ्या आम्हाला तरी तो प्रश्न पहिल्यांदा सुचायला हवा.

आता फिलेविषयी, कारण येथे मौन आम्हाला सर्वांत जास्त खटकते. इसिसचे हे मंदिर आता शेजारच्या अगिल्किया बेटावर उभे आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळी ते बंद झाले, बिशप थिओडोर यांनी त्याच्या दालनात संत स्तेफन यांच्या नावे चर्च केले, भिंतींवर क्रूस कोरले गेले. देवदेवतांच्या कित्येक आकृतींची तोंडे आणि हात टाकीने फोडलेले तेथे दिसतात. आपले लेखक क्रूसाचे छायाचित्र भक्तिभावाने छापतात आणि फुटलेल्या चेहऱ्यांविषयी ‘काळाच्या ओघात झीज झाली’ असे लिहून मोकळे होतात. झीज छिन्नीने होत नाही. आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथच्या मंदिराचा खालचा भाग जुन्या कोरीव दगडाचा आणि वरचा नंतरच्या बांधणीचा आहे, आणि मोडतोडीची कथा तेथे कोणीही सांगतो. त्या कथेत मोडणारा परका असतो, म्हणून ती ऐकताना आपल्याला अवघडत नाही. फिलेला मोडणारे आपले होते. त्यांना मूर्तीत भूत-पिशाच दिसत होते, हे समजून घेता येईल. पण समजून घेण्याआधी ते लिहावे लागेल. त्याच देशाने हेरोदाच्या भयाने पळालेल्या पवित्र कुटुंबाला आसरा दिला, असे आपण मत्तयाच्या शुभवर्तमानात वाचतो आणि मोठ्या अभिमानाने लेखाच्या आरंभी घालतो. दोन्ही गोष्टी एकाच लेखात याव्यात, आणि शक्य तर एकाच परिच्छेदात.

येत्या हिवाळ्यात निघणाऱ्या मंडळींना एक व्यवहाराची सूचना करावीशी वाटते. देर अल-मदीना अनेक सहलींच्या कार्यक्रमात नसते. पश्चिम तीरावरच्या सकाळी अलाबास्टरच्या दुकानाला दिला जाणारा अर्धा तास त्यासाठी मागून घ्यावा. मार्गदर्शक बहुधा आनंदाने नेतात. आणि फिलेला छायाचित्र काढताना क्रूसाबरोबर शेजारची आकृतीही चौकटीत घ्यावी.