नाममुद्रा : अभंगाच्या साच्यातील बदलती जागा

संगणकावर पुनःपुन्हा वापरावयाच्या मसुद्यात नावासाठी जागा राखून ठेवतात. नाव बदलते, साचा तोच राहतो. अभंगातील नाममुद्रेचे स्थान पुष्कळसे असेच आहे. मोठ्या अभंगाच्या चरणांची अक्षरसंख्या सामान्यतः ६, ६, ६, ४ अशी असते. अखेरच्या कडव्याच्या पहिल्या चरणात ‘नामा म्हणे’ ही चार अक्षरे येतात. तेथे ‘तुका’, ‘चोखा’ वा ‘सेना’ घातले तरी छंद बिघडत नाही. ‘ज्ञानदेव’ घालताच मात्र दोन अक्षरे वाढतात आणि चरण नव्याने रचावा लागतो.

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान. त्यांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याच्या रचना मिसळल्या. येथे तर नाव बदलण्याचीही गरज नव्हती! म्हणून केवळ मुद्रेवरून कर्तृत्व ठरविणे सदोष होय. भाषेचा पुरावाही दुबळाच, कारण मौखिक परंपरेत जुनी रूपे बदलत गेली. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथातील नामदेवांच्या ६१ पदांना निदान संकलनाची निश्चित कालमर्यादा आहे. पण त्यामुळे मराठी अभंगांचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी हस्तलिखितांतील पाठ अभंगागणिक ताडून पाहावे लागतात.