उलट्या वर्गाचे श्रेय कोणाला?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडात झाडे, छपरे आणि विजेचे खांब आडवे केले. त्या वर्षी राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हा उपक्रम चालू होता. धडे मोबाइलवर येत होते, आणि इकडे मोबाइल चार्ज करायला वीज नव्हती. पुढे शाळा उघडल्या. पण ‘धडा घरी व्हिडिओवर पाहा, स्वाध्याय वर्गात सोडवा’ ही पद्धत चर्चेत राहिली. हाच ‘फ्लिप्ड क्लासरूम’, म्हणजे उलटा वर्ग. सहावी ते आठवीच्या मुलांना त्याने खरोखर जास्त येते का?

ही कल्पना रुजवली ती अमेरिकेतील कोलोरॅडोच्या जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी, २००७ च्या सुमारास. तीही मोठ्या वर्गांतल्या मुलांसाठी. व्हॅन अल्टेन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणातील ११४ अभ्यास एकत्र तपासले. लाभ दिसला, पण लहानसा. वर्गातला वेळ कमी केला नाही आणि छोट्या चाचण्या जोडल्या, तिथे तो अधिक होता. त्याआधी, २०१५ मध्ये, जेन्सन आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयातील दोन तुकड्या ताडून पाहिल्या. दोन्हींत मुले स्वतः करून शिकत होती. वर्ग उलटा फक्त एकीचा. निकालात फरक पडला नाही. म्हणजे श्रेय व्हिडिओचे नव्हे, मुलांच्या हाताला काम देणाऱ्या तासाचे.

आपल्याकडे नेमका तोच तास अपुरा आहे. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळतो. व्हिडिओने वाचवलेला वेळ स्वाध्यायाला मिळेल, की शेजारच्या इयत्तेला जाईल? साधन नाही असे नाही. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेतच. पण २०२१ च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतात ६७.६ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, आणि त्यांतल्या २६.१ टक्के मुलांच्या हाती तो येतच नव्हता. बाप होडीवर किंवा मुंबईला असेल, तर फोनही त्याच्याबरोबरच जातो. ज्या मुलाने धडा पाहिलाच नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशीचा वर्ग दुप्पट परका होतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांमागे कुरणात शाळा नेली. शाळा त्यांनीही उलटीच केली. पण मूल होते तिथे शिक्षक गेला. आज आपण शिक्षक आहे तिथेच ठेवून धडा घरी पाठवतो आहोत. उलटा वर्ग आणायचाच, तर आधी दर इयत्तेला शिक्षक द्यावा, आणि व्हिडिओ शाळेतच पाहायची सोय करावी. नाहीतर उलटी होईल ती फक्त जबाबदारी: शाळेची घरावर.