लोथेअर आणि ब्यूटचा उमराव

हयात माणसाला कादंबरीचा नायक करणे हे जोखमीचे काम आहे. लेखक लेखणी खाली ठेवतो तेव्हा तो माणूस थांबत नाही. तो पुढे जगत राहतो, आणि त्याचे उरलेले आयुष्य हेच त्या कादंबरीवरील भाष्य होऊन बसते. बेंजामिन डिझरेली यांची ‘लोथेअर’ ही कादंबरी १८७० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचा अमाप खप झाला. एक माजी पंतप्रधान कादंबरी लिहितो हे एक कारण. आणि तिचा नायक म्हणजे तिसरे मार्क्विस ऑफ ब्यूट हे सर्वांनी ओळखले होते, हे दुसरे. ब्यूट त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे होते. त्यानंतर ते तीस वर्षे जगले. त्या तीस वर्षांच्या उजेडात ‘लोथेअर’ वाचली म्हणजे कादंबरीकाराने काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हे स्पष्ट होते.

जॉन पॅट्रिक क्रायटन-स्टुअर्ट ह्यांचा जन्म १२ सप्टेंबर १८४७ रोजी स्कॉटलंडजवळच्या ब्यूट बेटावर माउंट स्टुअर्ट येथे झाला. वडील वारले तेव्हा मूल जेमतेम सहा महिन्यांचे होते. आई लेडी सोफिया हिचे माहेर हेस्टिंग्ज घराण्यातले. हिचा पिता म्हणजे १८१३ ते १८२३ पर्यंत हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल असलेला मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज. (वॉरन हेस्टिंग्ज वेगळा, हे येथे सांगून ठेवले पाहिजे.) त्याच्याच कारकिर्दीत १८१८ साली पेशवाई बुडाली, महीदपूरच्या लढाईनंतर होळकरांना मंदसोरचा तह पत्करावा लागला, आणि शिंद्यांना त्यापूर्वीच ग्वाल्हेरच्या तहाने बांधून टाकण्यात आले. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकाला हे नाव परके नाही. ज्याने मराठी सत्तेचा अस्त घडविला, त्याचा हा नातू. तो मात्र राज्यकारभाराकडे वळला नाही. त्याचे चित्त देवाकडे आणि जुन्या दगडांकडे लागले.

बारा वर्षांचा असताना, १८५९ साली, त्याची आईही गेली. मग एवढ्या मोठ्या संपत्तीच्या वारसाचा ताबा कोणाकडे असावा यावर पालकांमध्ये वाद माजला. इंग्लंड व स्कॉटलंड येथील न्यायालये एकमेकांविरुद्ध उभी राहिली, आणि १८६१ साली प्रकरण उमरावसभेपर्यंत जाऊन निकालात निघाले. पोरक्या मुलाची अशी ओढाताण झाली. पुढे हॅरो, मग ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च. सप्टेंबर १८६८ मध्ये तो सज्ञान झाला आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला त्याने प्रॉटेस्टंट पंथ सोडून रोमन कॅथॉलिक पंथाची दीक्षा घेतली. इंग्लंडात केवढी खळबळ उडाली! डिझरेलींचे मंत्रिमंडळ त्याच महिन्याच्या आरंभी पायउतार झाले होते. त्यांना वेळ होता, आणि विषय आयता चालून आला.

कादंबरीचे कथानक थोडक्यात असे. लोथेअर हा पोरका, अतिश्रीमंत तरुण. त्याला दोन पालक: एक स्कॉच प्रेस्बिटेरियन काका, आणि दुसरा, जो आता रोमन चर्चमध्ये कार्डिनल झाला आहे असा ग्रँडिसन. हा ग्रँडिसन म्हणजे मॅनिंग यांची छाया, हेही त्या वेळच्या वाचकांनी ताडले. तीन स्त्रिया तीन वाटा दाखवितात. लेडी कोरिसांड इंग्लंडच्या चर्चची, क्लेअर अरुंडेल रोमची, आणि थिओडोरा इटलीच्या क्रांतीची. थिओडोराच्या ओढीने तो पोपविरुद्धच्या मोहिमेत सामील होतो. मरताना ती त्याच्याकडून वचन घेते की, तू रोमच्या चर्चमध्ये कधीही प्रवेश करू नकोस. मेंटानाच्या लढाईत तो घायाळ होतो. रोममध्ये त्याची शुश्रूषा करणारे धर्माधिकारी, तो पोपच्याच बाजूने लढला आणि कुमारी मातेने त्याला वाचविले, अशी कथा पसरवितात. तो तेथून निसटतो, जेरुसलेमला जातो, आणि शेवटी परत येऊन कोरिसांडशी विवाह करतो.

कादंबरीचे गुण मान्य केले पाहिजेत. मोठ्या घराण्यांतील मेजवान्या, दागिने, उद्याने, सभ्य गप्पांतून चालणारे राजकारण, यांचे इतके चुरचुरीत चित्रण करणारा दुसरा लेखक त्या काळी क्वचितच असेल. ज्या समाजावर त्याची लेखणी लुब्ध आहे, त्याचीच ती थट्टाही करते. फीबस नावाचा चित्रकार इंग्रज उमरावांची वाखाणणी करतो ती याचसाठी की, ते मैदानी खेळांत पटाईत असतात, स्वतःच्या भाषेपलीकडे भाषा जाणत नाहीत आणि कधी वाचीत नाहीत. हा उपरोध आजही ताजा वाटतो.

परंतु कादंबरीच्या मध्यभागी एक पोकळी आहे, आणि ती पोकळी म्हणजे खुद्द नायक. लोथेअर देखणा आहे, उदार आहे, निष्पाप आहे. पण त्याच्या डोक्यात काय चालले आहे याचा पत्ता लागत नाही. जो भेटेल त्याच्या मागे तो जातो. कार्डिनल बोलला की मंदिर बांधण्याची इच्छा, थिओडोरा बोलली की तलवार. धर्म हा त्याच्या बाबतीत इतरांनी रचलेला डाव आहे. बुद्धिबळाच्या पटावर राजाला हलवितात. राजा स्वतः हलत नाही. डिझरेलींना असे वाटले की, एवढ्या धनिक तरुणाचा पंथबदल हा कोणीतरी केलेला शिकारीचा प्रकारच असला पाहिजे. धनवंताला स्वतःची श्रद्धा असू शकते, तो ग्रंथ वाचून, विचार करून, लोकांचा रोष पत्करून निर्णय घेऊ शकतो, ही शक्यता त्यांनी विचारातच घेतली नाही. म्हणून कथानकात इतक्या घडामोडी असूनही संघर्ष उभा राहत नाही. ज्याला स्वतःचे मन नाही, त्याचे मन बदलले काय आणि न बदलले काय, वाचकाला त्याचे सुखदुःख होत नाही.

आता ब्यूट यांचे पुढील आयुष्य या कादंबरीशेजारी ठेवून पाहावे. फीबसच्या उमरावांप्रमाणे न वाचणारा हा गृहस्थ नव्हता. रोमन धर्मगुरू दिवसाच्या ठरावीक प्रहरी जो लॅटिन नित्यपाठ म्हणतात, त्या संपूर्ण ‘ब्रेव्हिअरी’चे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले. ते १८७९ साली दोन जाडजूड खंडांत निघाले. रोजच्या स्तोत्रांचे, वर्षभराच्या सणावारांचे, संतचरित्रांचे हे काम म्हणजे एका हंगामाची हौस नव्हे. त्यासाठी वर्षानुवर्षे टेबलाशी बसावे लागते. इजिप्तमधील कॉप्टिक चर्चच्या प्रभातप्रार्थनेचेही भाषांतर त्यांनी १८८२ मध्ये प्रसिद्ध केले. ‘स्कॉटिश रिव्ह्यू’ हे नियतकालिक त्यांनी १८८६ साली विकत घेऊन चालविले, सेंट अँड्रूज विद्यापीठाचे ते रेक्टर झाले, फॉकलंडच्या जुन्या राजवाड्याचे पालकपद घेऊन त्यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. कार्डिनलच्या हातातल्या प्याद्याचे हे लक्षण नाही.

बांधकामाची त्यांची हौस सर्वश्रुत आहे. विल्यम बर्जेस या वास्तुविशारदाच्या हाती त्यांनी कार्डिफचा किल्ला सोपविला आणि त्याने तेथे घड्याळाचा मनोरा, सोनेरी छते, भिंतीभर चित्रे आणि संगमरवराची दालने यांची एक स्वप्नसृष्टी उभी केली. १८८१ साली बर्जेस वारला. अरबी धाटणीचे दालन ही त्याची अखेरची कामगिरी. कार्डिफच्या उत्तरेला कॅसल कॉख हा पडका किल्लाही त्याच जोडीने नव्याने उठविला. माउंट स्टुअर्टचा वाडा १८७७ मध्ये आगीत गेला, तेव्हा त्याच्या जागी रॉबर्ट रोवंड अँडरसन या वास्तुविशारदाकडून नवा वाडा आणि पुढे शुभ्र संगमरवरी प्रार्थनामंदिर त्यांनी आरंभिले. ते काम त्यांच्या मृत्यूपर्यंत पुरे झाले नाही.

या वैभवापेक्षा एक लहान गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. कार्डिफच्या किल्ल्यात १८८८ च्या सुमारास रोमन तटबंदीचे अवशेष सापडले. त्या पायावर ब्यूट यांनी नवा तट उभारविला. पण मूळचा रोमन दगड कोठे संपतो आणि नवा कोठे सुरू होतो हे दिसावे म्हणून मध्ये तांबूस दगडाची एक रेघ घालविली. जुन्या देवालयाच्या जीर्णोद्धाराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना या रेघेचे मोल सहज कळेल. नवे काम जुने म्हणून खपविण्याचा मोह किती मोठा असतो! ज्याने तो आवरला, त्याच्या श्रद्धेत सत्याचा आदर होता असे म्हटले पाहिजे.

एवढ्यावर थांबलो तर मात्र डिझरेलींवर केलेला आरोप आपल्यावरच उलटेल. ‘लोथेअर’मध्ये आणखी एक मोठी उणीव आहे. नायकाचे धन कोठून येते याचा विचार तिला शिवत नाही. ते धन पावसासारखे आकाशातून पडते. ब्यूट यांचे धन आकाशातून पडलेले नव्हते. ते जमिनीखालून येत होते. त्यांच्या वडिलांनी अफाट खर्च करून १८३९ साली कार्डिफला गोदी उघडली. दक्षिण वेल्सच्या दऱ्यांतील दगडी कोळसा त्या गोदीतून जगभर जाऊ लागला. भूगर्भातील कोळशाचा खंड, गोदीचे भाडे, वाढत्या शहरातील जमिनीचे भाडे, असे तिन्ही ओघ एकाच घरात येत. १८०१ मध्ये कार्डिफची वस्ती दोन हजारांच्या आत होती. १९०१ मध्ये ती एक लाख साठ हजारांवर गेली. गोदीतील गर्दीला व दरांना कंटाळून काही खाणमालकांनी १८८९ साली बॅरी येथे स्वतंत्र बंदर उघडले, यावरून या घराण्याची पकड किती घट्ट होती ते कळते. खाली, त्या दऱ्यांत, कोळसा काढणाऱ्यांचे जीवित काय होते, तेही विसरता कामा नये. १८९४ सालच्या जून महिन्यात सिल्फिनिड येथील अल्बियन खाणीत स्फोट होऊन २९० माणसे व मुले एका दुपारी गतप्राण झाली.

ब्यूट यांना या बाजूची जाणीव अगदीच नव्हती असे नाही. १८९०-९१ मध्ये ते कार्डिफचे नगराध्यक्ष झाले. इतक्या बड्या उमरावाने नगरपालिकेच्या खुर्चीवर बसणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. १८९८ साली कॅथेज पार्कची विस्तीर्ण जमीन त्यांनी नगरपालिकेला विकली. आज शहराचे नगरभवन आणि वेल्सचे राष्ट्रीय संग्रहालय तेथे आहे. मात्र ती विकली, दान केली नाही, हे चरित्रकाराने लपवू नये. वर्षातील थोडेच आठवडे ते कार्डिफला राहत. ज्या किल्ल्याच्या छतावर सोने चढले, त्या छताखाली मालक बहुधा नसे. देवासाठी वेचलेले द्रव्य आणि ते द्रव्य मिळविण्याची रीत, या दोहोंमध्येही एक तांबूस रेघ ओढणे आवश्यक होते. ती मात्र ब्यूट यांनी ओढली नाही. त्यांच्या धर्मनिष्ठेविषयी आदर बाळगूनही हे म्हणणे भाग आहे.

त्यांचे मित्र व बेनेडिक्टिन संन्यासी डेव्हिड हंटर ब्लेअर यांनी १९२१ साली लिहिलेले चरित्र स्नेहाने भरलेले आहे. स्नेही चरित्रकाराला पुण्य दिसते, चतुर कादंबरीकाराला वैभव दिसते. दोघांच्याही पानांत खाणीचा काळोख फारसा उतरत नाही. ह्यातही कादंबरीकाराचा दोष मोठा, कारण तो पंतप्रधान होता. देशाची संपत्ती कोठून येते हे त्याला ठाऊक असणे हे त्याचे कर्तव्यच होते.

ब्यूट ९ ऑक्टोबर १९०० रोजी डमफ्रीज हाउस येथे निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे हृदय जेरुसलेमला नेऊन ऑलिव्ह पर्वतावर पुरण्यात आले. त्यांच्या मातामहाने, हेस्टिंग्जने, आपला उजवा हात मृत्यूनंतर कापून जपून ठेवावा आणि पत्नीच्या शवपेटीत ठेवावा असे सांगितले होते, व तसेच झाले. ज्या हाताने पुण्याच्या गादीचा निकाल लावला, तो पत्नीपाशी गेला. नातवाचे हृदय देवाच्या नगरीत गेले. लोथेअरही जेरुसलेमला गेला होता. पण तो तेथून परतला आणि इंग्लंडच्या सभ्य समाजात सुखाने लग्न करून बसला. कादंबरी तेथे संपते.

‘लोथेअर’ आजही वाचावी, कारण तिच्यात एका काळाचा लखलखाट आहे आणि तो लखलखाट पाहणारा डोळा तीक्ष्ण आहे. मात्र श्रद्धा ही कोणीतरी कोणाला लावलेली फास असते, हे तिचे गृहीतकृत्य वाचकाने जसेच्या तसे स्वीकारू नये. बावीस वर्षांच्या मुलाविषयी डिझरेलींनी जे भाकीत केले, ते त्या मुलाने तीस वर्षे रोज नित्यपाठ म्हणून खोटे ठरविले. आणि धनवंताच्या भक्तीपुढे नुसते हात जोडणाऱ्यांनीही त्या धनाचा उगम कोठे आहे हे विचारावे. कार्डिफचा किल्ला १९४७ साली नगराच्या स्वाधीन झाला. सोनेरी छते पाहायला तेथे जाणाऱ्याने तटाजवळ वाकून ती तांबूस रेघही पाहावी.