उचित प्रक्रियेचा तराजू : ‘मॅथ्यूज विरुद्ध एल्ड्रिज’ची चिकित्सा

उचित प्रक्रियेच्या हमीनुसार निर्वाह-साहाय्य बंद करण्यापूर्वी लाभार्थ्याची सुनावणी आवश्यक आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘गोल्डबर्ग विरुद्ध केली’ (१९७०) या खटल्यात ठरविले. ‘मॅथ्यूज विरुद्ध एल्ड्रिज’मध्ये (१९७६) मात्र न्या. पॉवेल यांनी तीन बाबी तोलल्या : व्यक्तीचे हित, चुकीच्या निर्णयाचा धोका आणि शासनावरील भार. अपंगत्व-लाभ आर्थिक गरजेवर आधारित नसल्याने पूर्वसुनावणी अनावश्यक ठरली. हे गृहीतक तकलादू आहे. लाभ थांबल्यामुळे एल्ड्रिज यांचे घर गेले, सामान गेले, सारे कुटुंब एकाच पलंगावर निजू लागले, अशी नोंद न्या. ब्रेनन यांच्याच भिन्नमतात आढळते. पुढे ‘हॅमडी विरुद्ध रम्सफेल्ड’मध्ये (२००४) न्या. ओ’कॉनर यांनी स्थानबद्ध नागरिकाचे स्वातंत्र्यही याच तराजूत घातले. त्यावरील न्या. स्कॅलिया यांचा आक्षेप रास्तच होता.