‘रोध नगण्य माना’

‘जोडतारांचा रोध नगण्य माना.’ शालेय भौतिकीच्या उदाहरणांत हे गृहीतक इतके मुरलेले असते की पुष्कळदा ते लिहिण्याचीही गरज भासत नाही. त्याविरुद्धची माझी तक्रार एका जुन्या मोटारीमुळे सुरू झाली.

गाडी पंचवीस वर्षांची. एके सकाळी किल्ली फिरवली तर स्टार्टर कण्हत कण्हत फिरला आणि थांबला. दिवे मात्र लख्ख, हॉर्न खणखणीत. मी मल्टिमीटर काढला. बॅटरीच्या टोकांना १२.६ व्होल्ट. बॅटरीच्या ऋण टोकापासून गाडीच्या पत्र्यापर्यंतचा रोध जवळजवळ शून्य. बॅटरी ठीक, जोडणी ठीक. तेव्हा दोष स्टार्टरचा! तो खोलून तपासून घेतला. निर्दोष निघाला. खर्च वाया.

अखेर मोटारींचे वायरिंग करणारा कारागीर आला. त्याने मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरे उघड्या पत्र्यावर टेकवले आणि म्हणाला, ‘‘साहेब, आता किल्ली मारा.’’ मीटरने २.४ व्होल्ट दाखवले. केबल पत्र्याला जोडणाऱ्या बोल्टखाली गंज होता. तो घासून बोल्ट आवळताच गाडी सुरू झाली.

माझे कुठे चुकले? स्टार्टर फिरताना साधारण १२० अँपिअर धारा वाहते असे धरू. २.४ भागिले १२० म्हणजे रोध ०.०२ ओहम. माझ्या मीटरच्या तारांचाच रोध याच्या कितीतरी पट. त्यामुळे रोध मोजून हा दोष दिसणे शक्यच नव्हते. दोन्ही मोठे दिवे मिळून सुमारे १० अँपिअर घेतात. तेवढ्या धारेला तिथे फक्त ०.२ व्होल्ट खर्च होतात, म्हणून दिवे लख्ख. स्टार्टरच्या वेळी मात्र त्याच बोल्टपाशी २८८ वॉट उष्णतेत जात होते. आणि धारा वाहत नसताना विभवांतर मोजले, तर गंजलेला जोडही निष्पाप ठरतो.

ओहमचा नियम मला पाठ होता. पण आपली पाठ्यपुस्तके तो ज्या परिपथात शिकवतात, त्यात तारा व जोड बिनरोधाचे असतात आणि घटाचे विभवांतर कधी ढळत नाही. मोटारीत तर परतीची तार म्हणून गाडीचा पत्राच वापरतात. आकृतीतील तार शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ती तिथे सापडणारही नाही. सुरुवातीला सोपे करून सांगावे लागते, हे मान्य. आक्षेप इतकाच, की ते गृहीतक कुठे मोडते हे शालान्त परीक्षेपर्यंत आपण सांगतच नाही. घटाचा आंतररोध येतो तो उच्च माध्यमिक वर्गात, तोही बहुधा गणितापुरता.

गंमत अशी, की गेऑर्ग ओहम हा कोलोनमधील शाळाशिक्षकच होता. त्याने प्रयोगात बदलली ती तारेचीच लांबी. साध्या विद्युतघटाचे विभवांतर स्थिर राहीना, म्हणून १८२६ मध्ये त्याने तापयुग्म वापरले. त्याच्या त्या वेळच्या सूत्रात तारेखेरीज उरलेल्या परिपथाच्या रोधासाठी वेगळे पद होते. ज्याने हिशेबात धरले तेच आपण त्याच्या नावाने वगळतो!

उपाय महाग नाही. दोन सेल, टॉर्चचा बल्ब आणि तारांच्या मध्ये एक गंजलेला खिळा असा परिपथ जोडावा. खिळ्याच्या दोन टोकांना जोडलेल्या तारांमधील विभवांतर आधी बल्ब काढून, मग बल्ब लावून मोजावे. पहिल्या वेळी शून्य येईल, दुसऱ्या वेळी नाही. बल्ब अजिबात पेटला नाही, तर खिळा थोडा घासावा. हा फरक का पडला, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. त्या एका तासाने माझा स्टार्टरचा खर्च वाचला असता.