मुखवटा, भूक आणि भय

गेल्या वर्षावासात प्रवचनाच्या निमित्ताने आम्ही जव्हार येथे गेलो होतो. तेथे एका तरुण उपासकाची भेट झाली. मोखाड्याकडील एका शाळेत तो शिक्षक आहे. जपानी भयपट व प्रायोगिक चित्रपट यांचा त्याचा व्यासंग पाहून आम्ही चकित झालो. त्याची मते ठाम आहेत. जपानी भयपट रक्त दाखवून घाबरवीत नाही, वाट पाहावयास लावून घाबरवितो, हे त्याचे पहिले मत. भयपट आणि प्रायोगिक चित्रपट या तेथे दोन वेगळ्या जाती नाहीतच, हे दुसरे. आणि हिदेओ नाकाता यांचा 'रिंगू' (1998) हा या सर्वांचा कळस होय, हे तिसरे. यांपैकी पहिली दोन मते आम्हांस मान्य आहेत; तिसरे नाही.

या मित्राने कानेतो शिन्दो यांचा 'ओनिबाबा' (1964) हा चित्रपट विहारात तरुणांना दाखवावा असे सुचविले, तेव्हा एका ज्येष्ठ उपासकांनी हरकत घेतली. 1956 साली आपण भूतखेत सोडले, ते पुन्हा पडद्यावरून विहारात कशासाठी आणावयाचे, असा त्यांचा सवाल. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. या भागात आजारपण आले की दवाखान्याआधी भगताकडे जाणारी माणसे आहेत. एखाद्या एकट्या, वयस्कर बाईला 'भुताळी' ठरविले की तिचे पुढे काय होते, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली झाला, पण कायद्याने संशय मरत नाही. अशा ठिकाणी मोकळ्या केसांच्या सूडकरी स्त्रीचे चित्र ही केवळ करमणूक राहत नाही.

मग पाहूच नये काय? मज्झिम निकायातील 'भयभेरव सुत्ता'कडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. संबोधीपूर्वी बोधिसत्त्व चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या व अष्टमीच्या रात्री मुद्दाम भीतिदायक वनांत, वृक्षचैत्यांपाशी जाऊन राहिले. तेथे एखादे जनावर येई, मोर काटकी मोडी, वाऱ्याने पाचोळा सळसळे, आणि भय येई. चालत असताना भय आले तर ते चालतच राहात, बसलेले असताना आले तर बसूनच राहात. भय निवळेपर्यंत त्यांनी इरियापथ बदलला नाही. भय टाळू नये, ते कसे उत्पन्न होते हे जागेवर थांबून पाहावे, अशी ही रीत आहे. मोडणारी काटकी आणि सळसळणारे पान यांवर तर जपानी भयपटाचा सारा डोलारा उभा आहे. तेव्हा भयपटाला आमचा प्रश्न एवढाच : तो प्रेक्षकाला भयापाशी थांबून पाहू देतो, की भय त्याच्या गळ्यात बांधून घरी पाठवितो?

या कसोटीवर 'रिंगू' उणा पडतो. एक चित्रफीत पाहिली की सात दिवसांनी मरण. ज्या सादाकोचा हा शाप, तिला विहिरीत ढकलून मारलेले असते. नायिका विहिरीत उतरते, तिचे अवशेष कवटाळते. प्रेक्षकास वाटते, संपले. पण करुणेने शाप फिटत नाही. चित्रफितीची प्रत काढून ती दुसऱ्यास दाखविली तरच आपला जीव वाचतो. येथे पेतवत्थूची आठवण होते. 51 कथांचा हा ग्रंथ आपल्याकडे थोडा अडचणीचाच मानला जातो, आणि का ते उघड आहे. श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने प्रेतांच्या नावे दिलेल्या दानाच्या कथा कशा वाचाव्यात? आम्ही त्या नीतिकथा म्हणून वाचतो. तिरोकुड्ड कथेतील प्रेते भिंतीबाहेर, चव्हाट्यावर, दाराच्या चौकटीशी उभी असतात. ती भुकेली असतात, सूड मागत नाहीत. कोणीतरी संघाला अन्न देऊन त्यांचे स्मरण केले की त्यांची भूक शमते. देण्याने दुःख तुटते, हा त्या कथेचा हिशेब. 'रिंगू'चा हिशेब उलटा आहे : आपले दुःख दुसऱ्याच्या दारात टाकून मोकळे व्हावे. रचना म्हणून हा शेवट चतुर आहे हे आम्ही नाकारीत नाही. पण भुताळीचा संशय गावात याच रीतीने एका घरावरून दुसऱ्या घरावर ढकलला जातो.

आता 'ओनिबाबा'. शिन्दो यांचा जन्म 1912 साली हिरोशिमा प्रांतातला. अणुबॉम्बवर 'हिरोशिमाची मुले' हा चित्रपट त्यांनी 1952 सालीच केला होता. 'ओनिबाबा'ची कथा चौदाव्या शतकातील यादवी युद्धाच्या काळात घडते. माणसाच्या डोक्यावरून जाणारे गवत, त्यात एक झोपडी, एक सासू, एक सून. मुलगा लढाईला नेलेला. शेती उजाड. या दोघी गवतात भरकटलेल्या सैनिकांना ठार करतात, त्यांची चिलखते काढून प्रेते एका खोल खड्ड्यात ढकलतात आणि चिलखतांच्या बदल्यात भरड धान्य घेतात. त्या खातात कशा हे शिन्दो जवळून दाखवितात. त्यांच्या तोंडाकडे पाहताना त्यांना खुनी म्हणण्याचे धाडस होत नाही.

मुलगा मेल्याची बातमी घेऊन एक शेजारी परततो. सून रात्री त्याच्याकडे जाऊ लागते. सून गेली तर एकटीने सैनिक मारता येणार नाहीत, म्हणजे उपासमार. म्हणून सासू काय करते? ती नरकाच्या गोष्टी सांगू लागते; पाप्याला कोणत्या यातना होतात ते वर्णन करते. नरकाचे भय येथे कोणाच्या पोटासाठी वापरले जाते, हे यापेक्षा स्वच्छपणे कोणी दाखविल्याचे आम्हांस ठाऊक नाही. पुढे एका सरदाराच्या प्रेतावरून काढलेला राक्षसी मुखवटा घालून ती गवतात सुनेच्या वाटेवर उभी राहते. पावसात भिजलेला मुखवटा चेहऱ्याला चिकटतो, निघता निघत नाही. शेवटी सून तो हातोड्याने फोडते. आत चेहरा सोलवटलेला, व्रणांनी भरलेला. त्या रंगभूषेसाठी अणुबॉम्बच्या बळींची छायाचित्रे समोर ठेवली होती, असे शिन्दो यांनी सांगितले आहे.

या कथेचे मूळ जपानी बौद्ध दृष्टांतात आहे. त्यात सून रात्री जाते ती धर्मश्रवणाला. तिला अडविणाऱ्या सासूच्या चेहऱ्याला मुखवटा चिकटतो आणि अमिताभाच्या नामस्मरणाने सुटतो. शिन्दो यांनी नामस्मरण काढून टाकले. या चित्रपटात भूत एकही नाही, देव नाही, चमत्काराची सुटकाही नाही. भूक आहे, लढाई आहे, आणि लाकडाचा एक मुखवटा आहे. पेतवत्थूत सूकरमुख प्रेताची कथा आहे : शरीर सोन्यासारखे, तोंड डुकराचे. कायेने संयमी, पण वाचेने असंयमी अशा भिक्षूचे ते रूप. तेथे चेहरा हे कर्माचे फळ आहे. शिन्दो एक पाऊल पुढे जातात. हा चेहरा एकट्या म्हातारीच्या कर्माचा नव्हे. ज्यांनी तिचा मुलगा लढाईला ओढून नेला त्यांचाही त्यात वाटा आहे.

मोखाड्याच्या तरुणांना हे उमगेल काय, अशी शंका आम्हांस क्षणभरही आली नाही. नाचणी-वरईवर जगणारा हा मुलूख आहे. पावसाळ्यात घरातले धान्य संपते, दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. 1992 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. 2014 साली पालघर जिल्हा झाला. भुकेने काय होते ते येथे जपानी दिग्दर्शकाने शिकविण्याची गरज नाही.

मुखवटाही येथे परका नाही. होळीनंतरच्या दिवसांत गावोगाव बोहाडा होतो. रात्रभर संबळाच्या तालावर देवांची आणि राक्षसांची सोंगे नाचतात. मुखवट्याआड कोण आहे हे पोरासोरांनाही ठाऊक असते. सकाळी मुखवटा उतरतो आणि तोच माणूस कामाला लागतो. बोहाड्याच्या धार्मिक बाजूविषयी आमची मते वाचकांना ठाऊक आहेत, ती येथे उगाळीत नाही. पण मुखवटा उतरविता येतो हे ज्यांनी दरवर्षी पाहिले आहे, त्यांना न उतरणाऱ्या मुखवट्याचे भय अधिक कळेल.

मुखवट्यावरून प्रायोगिक चित्रपटाकडे वळतो. तेइनोसुके किनुगासा यांचा 'वेडाचे एक पान' 1926 सालचा. यासुनारी कावाबाता यांचा त्याच्या कथेत सहभाग होता. हा मूकपट हरवला होता, तो 1971 साली किनुगासांनाच सापडला. वेड्यांच्या इस्पितळात पत्नी असलेला एक मनुष्य तेथेच नोकर म्हणून राहतो. अखेरीस तो कल्पनेत रुग्णांच्या चेहऱ्यांवर हसरे नोह मुखवटे चढवितो. दुःखावर हसू चढविण्याचा तो प्रसंग पाहताना आम्हांस 'रिंगू'तील विहिरीपेक्षा अधिक भय वाटले. पडद्यावर एकही अक्षर नाही. त्या काळी निवेदक पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगे.

मासाकी कोबायाशींच्या 'क्वायदान'विषयी (1964) मित्राचे व आमचे एकमत आहे, म्हणून थोडक्यात. त्यातील अंध गायक होइचीला भुतांपासून वाचविण्यासाठी भिक्षू त्याच्या अंगभर प्रज्ञापारमिता-हृदय सूत्र लिहितो, कान मात्र विसरतो, आणि भूत कान उपटून नेते. इंद्रियांची शून्यता सांगणारे सूत्र ताईत म्हणून वापरले की असेच व्हावयाचे. परित्त पाठाचा ताईत करणाऱ्या आपल्यातील काहींनीही हा भाग पाहावा.

तेव्हा 'ओनिबाबा' दाखवावा असे आमचे मत आम्ही त्या ज्येष्ठांना कळविले आहे. तो बालकांसाठी मात्र नाही. त्यातील नग्नता व हिंसा ध्यानात घेऊन केवळ प्रौढांस बोलवावे. 'रिंगू'विषयी मित्राने हार मानलेली नाही. सादाको ही संशयापोटी बापाने मारलेली मुलगी आहे, तीच खरी भुताळी ठरविलेली आहे, असे तो म्हणतो. यात तथ्य आहे. चित्रपटाने तिला बोलू मात्र दिलेले नाही.

उपशीर्षके इंग्रजीत असल्याने जुन्या जपानी निवेदकाप्रमाणे पडद्याशेजारी उभे राहून तो मराठीत संवाद सांगणार आहे, त्याचे टिपण चालू आहे. अखेरीस सून राक्षसीण समजून पळते आणि म्हातारी तिच्यामागे धावत ओरडते की मी ती नव्हे, मी माणूस आहे. तेथे त्याने 'राक्षसीण' असा शब्द योजला आहे. तेथे 'भुताळी' म्हणावे असे आम्ही त्यास लिहिले. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.